कोणत्या गोष्टीची माफी

"काकी, तुमच्या दाढांचा काही दोष नव्हता," डॉक्टर म्हणाली, आणि मला तिच्या टेबलावरचा पेपरवेट उचलून भिंतीवर हाणावासा वाटला. कारण तोवर माझ्या दोन दाढा उपटून झाल्या होत्या. चांगल्या, धडधाकट दाढा.

आजाराचं नाव ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. चेहऱ्याची जी मोठी नस मेंदूतून निघते, तिच्यावर एखादी रक्तवाहिनी टेकते आणि ठोके देत राहते. नसेवरचं आवरण झिजतं. मग वाऱ्याची झुळूक लागली तरी नस बोंबलते. दुखणं दाढेत वाटतं, म्हणून माणूस दातवाल्याकडे धावतो. मीही धावले. "अरे भिया, निकाल दो, किस्सा खतम करो," असं मीच त्याला म्हणाले होते. तुमच्यापैकी कोणाला एकाच बाजूच्या गालात असा झटका येऊन लगेच थांबत असेल, तर दाढेला हात लावू देण्याआधी न्यूरोलॉजिस्टला, म्हणजे नसांच्या डॉक्टरला दाखवा. माझ्यासारखी घाई करू नका.

सगळे म्हणतात, विजेसारखं दुखतं. मला विचाराल तर ती थप्पड होती. कोणीतरी मागून येऊन पूर्ण ताकदीने कानशिलात भडकावल्यासारखी. आणि थप्पड काय असते हे मला चांगलं माहीत आहे, कारण मी आयुष्यभर ती दिली. मी शाळेत पीटी शिकवायचे. माहेर मिरजेचं, कॉलेजात गोळाफेकीत पहिली यायचे. लग्न होऊन इंदूरला आले, सुदामा नगरात घर केलं, पण हात तोच राहिला. पोरं मला मागून 'हथौड़ा मॅडम' म्हणायची. मला त्याचा अभिमान होता, लाज नव्हती.

सगळ्यात वाईट वेळ वुजूची. नमाजेआधी हातपाय, तोंड धुवायचं असतं. पाण्याचा ओंजळभर स्पर्श झाला की फाडकन! मी नळाखाली गुडघ्यावर बसून गुरासारखी ओरडायचे. माझे मिस्टर, रेल्वेतून रिटायर झालेला गरीब माणूस, धावत यायचे. त्यांनी मौलानांना विचारलं. ते म्हणाले, पाण्याने त्रास होत असेल तर तयम्मुम करा, म्हणजे स्वच्छ मातीवर हात मारून तोच चेहऱ्यावर फिरवा. मी फिरवला. त्या हातानेही थप्पड बसली.

मग मी रात्रीची नमाज धरली. तहज्जुद म्हणतात तिला. झोपेतून उठून, पहाट व्हायच्या आधी, कोणी बघत नसताना पढायची. सक्तीची नाही, ज्याला ओढ असेल त्याने पढावी. मला ओढबिढ काही नव्हती, भीती होती. मी सजद्यात, कपाळ जमिनीला टेकून, अल्लाहशी भांडायचे. "मारतोस तर एकदाच मार ना!" मूठ जमिनीवर आपटायचे. मग थकून तौबा करायचे. खोटं बोलले असेन, माफ कर. चुगल्या केल्या, माफ कर. एक गोष्ट तेवढी तोंडातून निघत नव्हती. नसीमची.

नसीम माझी एकुलती एक मुलगी. बऱ्याच वर्षांपूर्वी तिला बघायला पाहुणे आले होते. सगळं ठरलेलं. ती ट्रे घेऊन आली, ट्रे टेबलावर ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "मला हे लग्न करायचं नाही." पाहुणे उठून गेले. मी तिला स्वयंपाकघरात ओढत नेलं आणि मारलं. एकदा नाही. ती ओट्याखाली पडली तरी मारत राहिले. तिच्या कानातून रक्त आलं तेव्हा मिस्टरांनी माझे हात धरले. महिनाभरात ती घर सोडून गेली. आता इंदूरबाहेर सिमरोलच्या कॉलेजात लायब्ररीत नोकरी करते, तिथेच राहते. वडिलांशी बोलते. माझ्याशी नाही.

गोळ्यांनी थोडे दिवस बरं वाटलं. कार्बामाझेपिन नावाची गोळी, नस शांत करणारी. पण तिने माझ्या रक्तातलं सोडियम, म्हणजे मीठ, उतरवलं आणि मी बाथरूममध्ये धाडकन पडले. भरती व्हावं लागलं. एमआरआयच्या नळीत पडले तर कानावर घण घातल्यासारखा आवाज. शेवटी डॉक्टर म्हणाली, "काकी, ऑपरेशन करूया. कानामागे कवटीला छोटं भोक पाडायचं, नस आणि रक्तवाहिनीच्या मध्ये एक मऊ गादी ठेवायची." मायक्रोव्हॅस्क्युलर डीकॉम्प्रेशन. "गुण चांगला येतो, पण मेंदूजवळचं काम आहे. धोका नाहीच असं मी म्हणणार नाही."

आमच्यात रीत आहे. हजला निघताना, मोठ्या ऑपरेशनआधी, माणूस सगळ्यांना म्हणतो, "कहा-सुना माफ करना." बोललं-चाललं माफ करा. पूर्वी लोक दारोदार जाऊन म्हणायचे. मी काय केलं? वॉर्डात पडल्या पडल्या एक मेसेज लिहिला, खाली गुलाबाचं फूल टाकलं आणि फोनमधल्या सगळ्यांना एका दमात पाठवून दिला. त्यात नसीमही होती.

सगळ्यांची उत्तरं आली. माफ किया, दुआ में याद रखना. नसीमने लिहिलं, "कोणत्या गोष्टीची माफी?"

मी फोन फेकला. शेजारच्या पेशंटच्या पलंगाच्या पायाला लागून काच फुटली. "आई आहे मी तिची! ऑपरेशनच्या टेबलावर चाललेय आणि ही हिशोब विचारते!"

मिस्टरांनी फोन उचलला, काचा गोळा केल्या. आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्यावर आवाज चढवून बोलले. "बरोबर विचारलंय तिने. अल्लाहचा हक अल्लाह माफ करतो. बंद्याचा हक, म्हणजे माणसावर केलेला अन्याय, त्या बंद्यालाच माफ करावा लागतो. लहानपणी शिकली नाहीस? रोज रात्री त्याच्यापुढे रडतेस. मारलंस कोणाला?"

खरं सांगते, त्या बोलण्यापुढे नसेचा झटका काहीच नव्हता.

त्यांनीच तिला बोलावलं. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी ती आली. पलंगाजवळ उभी राहिली, बसली नाही. मी सगळं नाव घेऊन सांगितलं. ओढत नेलं ते, ओट्याखाली पडल्यावरही मारलं ते, रक्त आलं ते. झटके येत होते, अर्धं वाक्य विव्हळण्यात जात होतं. तिने पूर्ण ऐकलं.

"अम्मी, तू मरायला घाबरली आहेस म्हणून मागतेयस," ती म्हणाली. "आधी बरी हो. दुखणं थांबल्यावर मागावंसं वाटलं तर बघू."

आणि गेली. मला इतका राग आला की रडूही येईना.

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आले, डोकं फुटल्यागत ठणकत होतं, उलट्या होत होत्या. मिस्टरांनी ओल्या कपड्याने माझा चेहरा पुसला. मी डोळे मिटून थपडेची वाट पाहिली. ती आली नाही. परत पुसायला लावलं, पुन्हा पुन्हा लावलं. हाय रब्बा, नुसतं पाणी होतं ते, गार पाणी!

आता लाजेची गोष्ट. घरी आले आणि ढाराढूर झोपायला लागले. दुखणं गेलं तशी तहज्जुदही गेली. आणि नसीमचं? एकदा सांगून झालंय की, आता काय लोटांगण घालू? जुनी मी जशीच्या तशी परत आली होती. तेव्हा मला कळलं, पोरगी मला माझ्यापेक्षा जास्त ओळखते. इतके दिवस मला उठवत होती ती नस होती.

मग हट्टाने सुरुवात केली. इशाची, म्हणजे झोपण्याआधीची नमाज पढून लवकर आडवं व्हायचं, गजर हाताला लागणार नाही असा लांब ठेवायचा, उठून फक्त दोन रकात, म्हणजे नमाजेची दोनच आवर्तनं. कधी चुकली तर स्वतःला शिव्या न घालता दुसऱ्या दिवशी पुन्हा उठायचं. तुम्हीही करणार असाल तर एवढीच करा. मोठ्या मोठ्या गोष्टी ठरवल्या की दोन दिवसांत सुटतात. काही मागत नव्हते. नुसती बसायचे. काहीच दुखत नसताना त्या शांततेत ते स्वयंपाकघर समोर यायचं, आणि त्यात माझा अपमान दिसायचा नाही. ओट्याखाली पडलेलं माझं लेकरू दिसायचं.

एका जुम्म्याला, शुक्रवारी, मी सिमरोलची बस धरली. नसीमने दार उघडलं. मी उंबऱ्यातच म्हणाले, "आता काही दुखत नाही मला. तरी आले." आणि पुन्हा सगळं सांगितलं, पहिल्यापासून, नाव घेऊन. या वेळी माझा आवाज थरथरला तो कुठल्या नसेमुळे नाही.

तिचे डोळे भरले. "माफ केलं, अम्मी," ती म्हणाली.

मी तिचा गाल कुरवाळायला हात वर केला. आणि माझी नसीम, एवढी मोठी बाई, खटकन मागे सरकली. मान खांद्यात, कोपर चेहऱ्यावर.

मी हात खाली घेतला. मग तिनेच कोपर काढलं, ओशाळून हसली. "मी केलंय माफ. अंगाला अजून कळलेलं नाही."

त्या डॉक्टरीणबाईचं भलं होवो, माझ्या मिस्टरांना अल्लाह लांब आयुष्य देवो. मी आता रोज रात्री उठते, सावकाश तोंड धुते, मुसल्ला, नमाजेची चटई, अंथरून बसते. स्वतःसाठी काही मागायचं उरलेलं नाही. एकच मागते: या अल्लाह, माझ्या लेकीच्या अंगालाही कळू दे.