मधला ढीग

चेन्नईजवळच्या ओरगडमच्या एका ट्रक कारखान्यात मी चाचणी विभागात आहे. नवा सुटा भाग हातात आला की तो कुठे आणि कशाने तुटतो ते शोधायचं, याचा मला पगार मिळतो. आम्ही साताऱ्याकडची माणसं आधीच तोंडाने फटकळ, त्यात ही नोकरी. कोणत्याही चांगल्या गोष्टीत खोट काढल्याशिवाय मला चैन पडत नाही. आणि असा मी, बायकोने बनवलेला खेळ दोन वर्षं दर शनिवारी खेळत आलो आणि तो तोडून बघावा असं मला एकदाही सुचलं नाही.

बायको तंजावरच्या मराठी घरातली. या लोकांच्या कितीतरी पिढ्या तमिळ मुलखात गेल्या; मराठी टिकली, पण जुन्या वळणाची, तमिळ हेलाची, ‘हवं’ला ‘होणा’ म्हणणारी. आम्ही चेन्नईत नंगनल्लूरला तिच्या आईवडिलांच्या घरात राहतो. मित्र मला घरजावई म्हणून चिडवतात, आणि मी चिडतो. ती सिरुसेरीला सॉफ्टवेअर कंपनीत जाते आणि उरलेल्या वेळात तिने हा खेळ केला होता.

खेळात फासे नाहीत, राजा-वजीर नाहीत, गोष्ट नाही. नुसते रंग. टेबलावर गोलाकार डबरे मांडायचे, डबरा म्हणजे इथे कॉफीच्या पेल्याखाली असते ती पसरट वाटी. पिशवीतून न बघता लाकडी टाइल्स काढून प्रत्येक डबऱ्यात चार-चार टाकायच्या. आपली पाळी आली की एका डबऱ्यातल्या एकाच रंगाच्या सगळ्या टाइल्स उचलायच्या आणि बाकीच्या टेबलाच्या मधोमध सरकवायच्या. मधला तो ढीग वाढत जातो; आपल्या पाळीला तो सगळाच्या सगळा उचलता येतो, आणि डबरे संपले की ज्याची पाळी येईल त्याला तो घ्यावाच लागतो. उचललेल्या टाइल्स आपल्या पटावरच्या ओळीत बसवायच्या. ओळीत मावल्या नाहीत तर त्या पटाच्या खालच्या पट्टीत जातात, आणि खाली गेलेली प्रत्येक टाइल गुण कापते. म्हणजे आपण काय घेतो यापेक्षा पुढच्याला काय ठेवतो, यात खरी गंमत.

डाव संपला की बायको प्रत्येकाला दहापैकी गुण विचारायची. आम्ही नऊ द्यायचो. सासरे कधीकधी साडेनऊ. ते रेल्वेतून निवृत्त झालेले, अर्ध्या गुणाचाही हिशेब ठेवणारे. सासूबाई मात्र दर वेळी सपाटून हरायच्या आणि हसत दहा द्यायच्या. "अम्माला खेळ कळतच नाही," असं बायको म्हणायची, आणि आम्ही सगळे हसायचो.

त्या रविवारी बेंगळुरूहून एक प्रकाशक चेन्नईत येणार होता. अड्यारला एका कॅफेत तो खेळ खेळून बघणार, आणि आवडला तर छापणार. त्याने होकार दिला तर नोकरी सोडायची, हे बायकोने ठरवलं होतं. वरिष्ठांना तसं सांगूनही ठेवलं होतं. घरात त्याच्याशिवाय दुसरा विषय नव्हता.

शुक्रवारी मी खेळाच्या नमुन्याचा डबा कारखान्यात घेऊन गेलो. खरं कारण म्हणजे मला मिरवायचं होतं. जेवणाच्या सुट्टीत चौघे बसलो. हे सहकारी दिवसभर गाड्या मोडून बघणारे, त्यांनी पहिल्याच फेरीत एकमेकांच्या तोंडचा घास काढायला सुरुवात केली. मधला ढीग कुणी हातात धरेना. तो फुगत गेला आणि शेवटी एकाच्या गळ्यात पडला. ओळीत दोन मावल्या, बाकी सगळ्या खाली. पुढच्या फेरीत पुन्हा त्याच्याच वाट्याला. गुण शून्याच्या खाली गेले आणि वर यायला काही मार्गच उरला नाही. "मला काय उरलंसुरलं खायला बसवलंय का?" असं तमिळमध्ये म्हणून तो चहा प्यायला उठून गेला. डाव तिथेच मोडला.

कंपनीच्या बसमध्ये परत येताना मी तो डाव पुन्हा मनात खेळून बघितला. घरी हा ढीग का फुगत नाही? डोळ्यांसमोर सासूबाईंचा हात आला. ढीग जरा वाढला की तो पुढे येतो, "ते राहूंदे, मी घेतें." त्या घरात जेवणाचंही असंच. सगळ्यांचं झाल्यावर भांड्याच्या तळाचा भात, शेवटचं सांबार सासूबाईंच्या ताटात जातं. त्यात बघण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटत नाही. आणि दुसऱ्याला हवी ती वस्तू आपण उचलायची, हे तर त्या घरात कुणाच्या हातूनच होत नाही. दोन वर्षांच्या आमच्या सगळ्या चाचण्या, सगळे नऊ आणि साडेनऊ, त्या एका हातावर उभे होते.

घरी आलो तर बायको टाइल्सना शेवटचं पॉलिश देत बसली होती. चेहरा इतका आनंदी होता की माझी जीभ उचलली गेली नाही. मी, ज्याला कुणाला तोंडावर बोलायला कधी काही वाटलं नाही! माझा मलाच संताप आला.

शनिवारी दुपारी शेवटचा सराव डाव मांडला. सगळे टेबलाशी बसल्यावर मी म्हणालो, "आज एक करूया. मधला ढीग आपणहून कुणी घ्यायचा नाही. ज्याला पडेल त्याला पडेल."

"कां?" सासूबाईंनी विचारलं.

"उद्या तिथे घरचं कुणी नसणार, म्हणून."

बायकोने माझ्याकडे रोखून पाहिलं आणि टाइल्सची पिशवी हलवायला घेतली.

मी खेळायला लागलो ते कारखान्यातल्यासारखा. तिच्या पटावर निळ्याची ओळ एका टाइलसाठी अडली होती. मी निळ्या उचलल्या. मला त्या नको होत्या, माझ्या पटावर त्या खालीच गेल्या, पण उचलल्या.

सासऱ्यांनी चष्मा वर केला. "काय हो, तिला होणा ते. तुम्ही कां घेऊनलात?"

"खेळात चालतं, अप्पा."

"चालतं म्हणून घ्यायचं?" त्यांचा आवाज चढला. जावयावर त्यांनी आजवर आवाज चढवला नव्हता. माझे कान तापले, पण मी पुढच्या पाळीला लाल उचलल्या. त्याही तिलाच हव्या होत्या.

मधला ढीग वाढत चालला. सासूबाईंचा हात दोनदा पुढे आला आणि माझ्याकडे बघून मागे गेला. बांगड्या तेवढ्या वाजल्या. कॉफी तशीच निवत होती. सासरे मुद्दाम चुकीचं खेळून मुलीला वाचवायला बघत होते, आणि मी त्यांचाही डाव उधळत होतो. ती खोली, त्यातली माणसं, सगळं मला नकोसं झालं होतं. शेवटी ढीग बायकोवर आला. तिने तो दोन्ही हातांनी उचलला. ओळीत एक मावली. बाकी सगळ्या खालच्या पट्टीत लावता लावता पट्टी संपली, मग तिने त्या पटाबाहेर, टेबलावर ठेवायला सुरुवात केली.

"तू मुद्दाम करतोयस," ती म्हणाली.

"हो. उद्या तो माणूसही मुद्दामच करणार."

"घरी असं कधी झालं नाही. दोन वर्षांत एकदाही नाही."

"कारण घरी ढीग अम्मा घेतात," मी म्हणालो. "दर वेळी त्याच घेतात. काल कारखान्यात कुणी घेतला नाही. दुसऱ्या फेरीत डाव मोडला."

बोलून गेल्यावर मला वाईट वाटलं, आणि सुटल्यासारखंही वाटलं. सासरे डबऱ्यांकडे बघत राहिले. बायको हळूच आईकडे वळली. एवढा वेळ तिने रडू आवरलं होतं. आता डोळे भरले.

"अम्मा, तुला माहीत होतं? तू मुद्दाम हरत होतीस?"

सासूबाई गोंधळल्या. आपलं काही चुकलं की काय असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"हरणं कसलं ग? उरलेलं कुणी तरी घ्यायला होणा न? मी नाहीं घेतलं तर तुला पडतंय. मग तुझं मन लागणार नाहीं, शनिवारचं बसणं मोडणार." मग त्या म्हणाल्या, "मला तेवढंच कळलं. खेळ चांगलाच आहे."

पटाबाहेर ठेवलेल्या टाइल्स बायकोने ओंजळीत गोळा केल्या आणि ती त्या तशाच धरून बसली. तिने माझ्यावर ओरडावं असं मला वाटत होतं. उद्या तरीही जाऊया, तिकडे कुणाच्या लक्षात येणार नाही, असं म्हणायचंही माझ्या ओठांवर आलं. म्हटलं नाही. ओरगडमच्या त्या माणसाला लक्षात यायला दोन फेऱ्याच लागल्या होत्या.

मग तिने टाइल्स खाली ठेवल्या, फोन उचलला आणि तिथेच, आमच्यासमोर, प्रकाशकाला लावला. उद्या येणार नाही, म्हणाली. पलीकडून तो बराच वेळ बोलत होता. पुन्हा कधी जमेल ते सांगता येत नाही, यंदाचे खेळ ठरत आलेत, एवढं आम्हालाही ऐकू आलं. ती हूं हूं करत राहिली. मग त्याने विचारलं असावं की अडचण काय आहे, खेळ चालत नाही का.

"चालत होता," ती म्हणाली. "माझी आई चालवत होती."