वंदना म्हणून दाखव

"वंदना येते का?" सरांनी विचारलं.

ॲडमिशनचा दिवस होता. कॉलेजचा हॉल पोरापोरींनी आणि त्यांच्या बापांनी भरलेला. माझ्या पुढं राईस मिलवाल्या शेठचा मुलगा होता. त्याला सर म्हणाले होते, "कोणते विषय घेतोस, बाळ?" मला विषय विचारले नाहीत. माझं आडनाव वाचलं. बाबांच्या केसांत अडकलेल्या भाताच्या कोंड्याकडं पाहिलं. बाबा त्याच शेठच्या मिलमध्ये हमाल होते, पोती टाकून तसेच आले होते. मग सरांनी वंदनेचं विचारलं.

मी "हो" म्हणाले.

"मग म्हणून दाखव."

आमच्यात बुद्धवंदना सुरू होणार म्हटलं की माणूस आधी चपला काढतो. कुठंही असो. बाबांनी तिथंच, टेबलाशेजारी, टायरच्या चपला काढल्या. हात जोडले, डोळे मिटले. मीही काढल्या. खरं सांगते, ऊर भरून आला होता. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये, एवढे मोठे सर आपली वंदना ऐकायला मागतात! मी मोकळ्या गळ्यानं सुरू केलं. त्रिसरण झालं, पंचशील घेतलं. मध्येच हसू ऐकू आलं. डोळे उघडले. अख्खी रांग हसत होती. सर गालावर हात ठेवून मजा बघत होते, गावात माकडवाला आल्यासारखी.

बाबांचे डोळे मिटलेलेच होते. त्यांना काहीच कळलं नव्हतं.

"पुरे," सर म्हणाले. "हिला पाली. यांचं घरचंच आहे, फुकट पास होतात."

पाली, समाजशास्त्र, मराठी वाङ्मय, असं त्यांनी माझ्या फॉर्मवर लिहिलंही. मी तोंड उघडायच्या आत पुढच्याचं नाव पुकारलं.

मी विषय पाठ करून आले होते. अर्थशास्त्र आणि इंग्रजी वाङ्मय. माझी ताई लग्न होऊन दूरच्या शहरात गेली होती, तिथं मोठं विद्यापीठ होतं. भाऊजींना कारखान्याचं क्वार्टर पुढच्या साली मिळणार होतं. तोवर एक वर्ष इथं काढायचं, मग तिथं दुसऱ्या वर्षात जायचं. भाऊजी उन्हाळ्यात आले तेव्हा बजावून गेले होते, "तिथी जे विषय घ्याचे तेच इथी घेजो. नाई तं दुसऱ्या वर्षात घेत नाई ते." आमच्याकडून बाहेर पडायची तेवढी एकच वाट होती. ती चुकली तर दुसरी वाट नागभीडला जाणारी. तिथले पाहुणे मला बघून गेले होते आणि उत्तराची वाट बघत बसले होते.

घरी येताना एसटीत बाबा सगळ्यांना सांगत होते, "पोरगी पाली शिकनार! सरनं भर हालात वंदना म्हनायले लावली!" वस्तीत तर सणच झाला. विहारात मला पुढं बसवलं. म्हाताऱ्या बायांनी गालावरून हात फिरवून बोटं मोडली. आता कोणत्या तोंडानं सांगू, की मला पाली नको? पाली नको म्हणणं म्हणजे धम्मच नको म्हणणं, असं त्यांना वाटलं असतं. मला पालीचा राग नव्हता. राग याचा होता, की आमची पवित्र भाषा सरांनी आम्हाला कोंडायचं खुराडं केली. पुढून सर, मागून वस्ती. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मी मध्ये गप्प.

पालीच्या वर्गात सगळी आमचीच पोरं. बाहेरचं एकही नाही. शिकवायला कधी कोणी यायचं, कधी नाही. भिंतीपलीकडे अर्थशास्त्राचा तास चालायचा, तो ऐकू यायचा. मी भिंतीला टेकून बसायची. तिथले सर शेठच्या मुलाला नावानं हाक मारायचे. 

पोळ्याला भाऊजी आले. विषय ऐकून कपाळाला हात लावला. "काऊन घेतलं हे? हे तिथी नाई चालत."

बाबा चुलीपुढं बसले होते. "चालत नाई म्हंजे?"

मग मी सगळं सांगितलं. हसण्याचंही. बाबा खूप वेळ चुलीतलं लाकूड मागंपुढं करत राहिले. मग म्हणाले, "मले वाटलं, सर मान देऊन राह्यला."

तो आवाज मी विसरलेली नाही. मला तेव्हा सरांना फाडून खावंसं वाटलं.

विषय बदलायची मुदत उरली होती. दुसऱ्या दिवशी मी बाबांना घेऊन गेले. सर प्राध्यापकांच्या खोलीत, चहा चाललेला. मी सांगितलं, अर्थशास्त्र आणि इंग्रजी वाङ्मय द्या, मला पुढं दुसऱ्या विद्यापीठात जायचंय.

"इंग्रजी वाङ्मय? तुला?" सर बाकीच्यांकडं बघून हसले. "झेपेल तेवढंच घ्यावं माणसानं. अहो, ही वंदना काय सुरेख म्हणते! म्हण गं. यांना ऐकव, मग बघू तुझ्या विषयांचं."

माझ्या बाजूला हालचाल झाली. बाबा पायातून चपला काढत होते. सगळं कळूनही. माझे विषय मिळावेत म्हणून.

मी त्यांचा दंड धरला. "बाबा, चपला घाला."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. परत पाय घातले.

"वंदना विहारात होते, सर. इथी नाई होत." मी जागची हलले नाही. "विषय बदलून द्या."

कप खाली ठेवत सर म्हणाले, "नाही देत. जा, पालीत बस. नाहीतर घरी बस."

"मंग मी तिथी पुन्हा पहिल्या वर्षात बसीन. एक साल गेलं तं गेलं. पन विषय माहे मी सांगीन."

बाहेर व्हरांड्यात बाबांनी मला थांबवलं. "एक साल? अन् नागभीडवाल्याईले काय सांगू?"

"नाई म्हनून सांगा."

 भिंतीपलीकडच्या अर्थशास्त्राच्या वर्गात तास सुरू झाला होता. हजेरीत माझं नाव नव्हतं. तिथल्या सरांनी बाहेर काढलं असतं, आणि पुढं काढलंही, अनेकदा. त्या दिवशी मी शेठच्या मुलाच्या मागच्या बाकावर जाऊन बसले. चपला घालून. बाहेर काढलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच बसायचं, हे मी तेव्हाच ठरवलं होतं.