डिकीतली खरखर

माझ्या गाडीत सबवूफर आहे हे कळलं की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग माझ्या पिकलेल्या केसांकडे. माधवनगरला राहणारी, पन्नाशीला टेकलेली, बँकेत नोकरी करणारी बाई. तिच्या डिकीत कॉलेजच्या पोरांसारखा तो दणदणणाऱ्या स्पीकरचा भला मोठा डबा कशाला? सांगलीतल्या फिटरनेही विचारलंच, "ताई, पोराची गाडी हाय का?" माझीच आहे म्हटलं, आणि आवाज कसा पाहिजे तेही मीच सांगणार आहे.

तो डबा आप्पांसाठी होता. आप्पा म्हणजे माझे वडील. कवठे महांकाळजवळच्या आमच्या गावात आईबरोबर राहतात. तरुणपणी मेंढरं राखली, नंतर शेती केली, पण माणूस खरा ढोलाचा. जत्रेत आमच्या धनगरांचा गजाचा नाच सुरू झाला की पहिला ढोल आप्पांचाच. अलीकडे मात्र त्यांचे कान गेले. आईची हाक ऐकू येईना, आणि कानात सारखं काहीतरी खरखरायचं. सांगलीच्या कानाच्या डॉक्टरांची वेळ मी घ्यायची आणि आप्पांनी मोडायची. "ह्या कानांचं आता काय व्हायचं न्हाई," एवढंच म्हणायचे. हळूहळू ते पारावर जायचेही बंद झाले. कुणी काही विचारलं की नुसते हसायचे. आमचे आप्पा म्हणजे जन्माचे भांडखोर. असा माणूस नुसता हसायला लागला की मला धडकी भरते.

मग एकदा घरासमोरून वरात चालली होती. तिचा दणदणाट सुरू झाला तशी आप्पांच्या बोटांनी गुडघ्यावर ताल धरला. बारीक आवाज जात नसेल, पण ठोका आत पोचतोय, हे मला तेव्हा दिसलं. गावच्या मंडळानं जत्रेत माईक लावून केलेलं आप्पांच्या ढोलाचं रेकॉर्डिंग माझ्याकडे होतं. ते त्यांना ऐकवायचं, ढोल ऐकू येतोय हे त्यांचं त्यांना पटलं की दवाखान्यात न्यायचं, असा माझा बेत होता.

वूफर बसवून घेतला आणि दसऱ्याला गाडी गावी नेली. आमच्याकडे दसऱ्याला कोयत्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्याची पूजा होते. आप्पांनी गाडीची चारी दारं आणि डिकी उघडायला लावली आणि "बिरोबाच्या नावानं चांगभलं" म्हणत मूठ मूठ भंडारा-खोबरं उधळलं. गाडी आतून-बाहेरून हळदीनं पिवळी. पुढे महिनाभर मी ऑफिसला पिवळ्या साड्या नेसून गेले, म्हणजे नेसायची दुसरीच, व्हायची पिवळी.

पूजा झाल्यावर आप्पांना पुढच्या सीटवर बसवलं आणि ढोल लावला. ठोका पडला, सीट हादरली, आप्पा ताठ झाले. पण प्रत्येक ठोक्यामागून खर्रर्र. आणि ॲक्सिलेटर दाबला की स्पीकरमधून कूंऽऽ असा वेगळाच सूर. आप्पांनी थोडा वेळ ऐकलं आणि दार उघडून उतरले.

"कसला ढोल? नुसती खरखर. माझ्या कानातलीच हाय ती."

"आप्पा, आवं मला बी ऐकू येतीया!" मी ओरडले.

"तू बापाचं मन राखायला म्हणतीस, बाई." आणि हसले. ते हसू बघून मला रडू आलं, आणि मग रागही आला. आता ही खरखर शोधल्याशिवाय मी गप्प बसणार नव्हते.

गाडी फिटरकडे नेली. कूंऽऽ त्याला लगेच सापडलं. स्पीकरचा आवाज वाढवणाऱ्या ॲम्पची अर्थिंगची वायर त्यानं डिकीच्या रंगलेल्या पत्र्यावरच कसली होती. रंग खरवडून उघड्या पत्र्यावर कसली तसा तो सूर गेला. खरखर काही जाईना. "पत्रा वाजत आसंल ताई, नंबरप्लेट बघा," असं सांगून त्यानं हात झटकले. नंबरप्लेटच्या मागे फोमची पट्टी लावली. डिकीतला जॅक चिंध्यांत गुंडाळला. आवाज तसाच.

पुढच्या रविवारी पुन्हा गावी गेले. आईला डिकीत बसवलं. ढोलाचा ठोका पडला की ती एकेक जागा दाबून धरायची आणि मी कान लावायचा. सत्तरीची बाई पाय दुमडून डिकीत बसलीय आणि दोन्ही हातांनी गाडी दाबतेय, हे बघायला शेजारणी जमल्या. "लेकीनं येडं केलंय मला," आई त्यांना सांगत होती, पण दाबायचं काही तिनं सोडलं नाही. आप्पा ओसरीवरून बघत होते. कुठलीही जागा दाबली तरी खर्रर्र.

शेवटी माझं डोकं फिरलं. "ढोल नको, डबा नको, काढूनच टाकते," म्हणत मी वायरी उपसल्या आणि डबा उचलून ओसरीवर नेला. ठेवताना तो कलला आणि आतून काहीतरी घरंगळलं.

मी पुन्हा कलवला. पुन्हा घरंगळलं.

तो डबा मी आप्पांच्या मांडीवर ठेवला. त्यांना ते ऐकू आलं नाही, पण उभा जन्म ढोल धरलेले हात ते. त्यांनी डबा इकडे कलवला, तिकडे कलवला. आतली वस्तू फळीवर आपटली तशी त्यांची नजर वर आली.

"आत कायतरी हाय," ते म्हणाले. "व्हय गं, आतच हाय की!"

मी स्क्रू सोडवले, स्पीकर बाहेर घेतला. आप्पांनी आत हात घालून चाचपलं आणि वाळल्या खोबऱ्याचा एक पिवळाधमक तुकडा बाहेर काढला. डब्याच्या तोंडाशी हवा जायला मोठं भोक असतं, त्यातून दसऱ्यालाच तो आत गेला होता. आप्पांनी तो कपाळाला लावला.

"मीच टाकलाय की ह्यो!"

आणि असे हसले, की चहा ठेवायला आत गेलेली आई पळत बाहेर आली. हे हसू वेगळं होतं. हे माझ्या ओळखीचं होतं.

डबा परत बसवून ढोल लावला. स्वच्छ, गोल ठोका. आप्पा पुढच्या सीटवर डोळे मिटून बसले. त्यांची बोटं डॅशबोर्डवर पडायला लागली, मग अख्खा पंजा. ढोल थांबल्यावर म्हणाले, "म्हंजी समदी खरखर कानातली नव्हती."

"तेच तर सांगत हुते!"

"मग उद्या ने सांगलीला. कानात मी खोबरं टाकलेलं न्हाई, पण बघू दे त्यांस्नी."

आता आप्पा कानाला मशीन लावतात. खरखर पुरती गेलेली नाही, पण आईची हाक ऐकू येते आणि ते पारावर जाऊन भांडूनही येतात. परवा त्यांना गाडीत घेऊन ढोल लावला, तर दोन्ही कानांवर हात ठेवून माझ्यावर खेकसले.

"कमी कर की आवाज! भैरा समजलीस व्हय मला?"

मी लगेच कमी केला. बापाचं ओरडणं इतकं गोड मला आजवर कधी लागलं नव्हतं.