निव्वळ वजन शून्य

"काट्याले विचारा," असं म्हणून ते चपला काढायचे.

तुम्ही धर्मकाटा पाहिला असेलच. जमिनीत बसवलेला लांबलचक लोखंडी पाट, त्यावर धानाने लादलेला अख्खा ट्रक चढतो आणि केबिनमधल्या डब्यावर वजनाचे लाल आकडे उमटतात. आमच्या काटेबाबूंना स्वतःचं वजन करायचं असलं, की ते या पाटासमोर चपला काढून ठेवत, खिशातल्या किल्ल्या माझ्या हातात देत आणि मधोमध जाऊन पोट आत ओढून उभे राहत. मी केबिनमधून ओरडायचो, "नव्वद!" मग ते श्वास सोडत.

लालबर्रा रोडवरच्या एका राइस मिलमध्ये आम्ही दोघं एकाच केबिनमध्ये बसायचो. काटा त्यांचा, गेटपास माझे. गाडीतून ड्रायव्हर खाली उतरल्याशिवाय त्यांनी कधी वजन धरलं नाही. मालक स्वतः आले तरी काट्याच्या कडेला पाय टेकवू देत नसत. असा चोख माणूस स्वतःच्या बाबतीत इतका येडपटपणा करेल, हे मला तरी आधी वाटलं नव्हतं.

झालं असं, की ऐन दिवाळीच्या तोंडावर बालाघाटच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, साखर फार वाढली आहे, दहा किलो उतरवा, नाहीतर सुई घ्यावी लागेल. डॉक्टरांकडे काकू, म्हणजे त्यांची बायको, सोबत होत्या. त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, "तुमचे दहा किलो उतरत नाही तंवर मीबी गोड खात नाही." काकूंचा जिलेबीवर केवढा जीव, हे सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक होतं. आता त्यांची जिलेबी बाबूजींच्या पोटावर अवलंबून राहिली.

आणि पुढे मंडईचे दिवस. आमच्याकडे भाऊबीज झाली की गावोगावची मंडई सुरू होते. आज या गावी जत्रा, उद्या त्या गावी. ज्याच्या गावी मंडई त्याच्या घरी सगळे सोयरे, आणि पानावर बसलेला माणूस नाही म्हणाला तर घरधनी वर्षभर लक्षात ठेवतो. बाबूजींचे सोयरे बिरशापासून राजेगावपर्यंत पसरलेले. महिनाभर या माणसाने पथ्य पाळायचं तरी कसं?

त्यांनी मार्ग काढला. मंडईला निघण्याआधी ते काट्यावर चढले आणि 'रिकामी गाडी' म्हणून नोंद करायला लावली. गाडी नंबराच्या जागी 'स्वतः'. मालाचं नाव टाकल्याशिवाय मशीन पुढे सरकत नव्हती, आणि यादीत धान, तांदूळ, कनकी, कोंडा, भुसा एवढंच होतं.

"कोंडा टाक," ते म्हणाले. "भुसा नको. कोंड्यात थोडा जीव असते."

संध्याकाळी परतताना पुन्हा काट्यावर चढले. 'भरलेली गाडी', नव्वद. मशीनने कर्र करत पावती काढली. माल कोंडा, निव्वळ वजन शून्य. त्या दिवशी त्यांनी अकरा पुऱ्या, वडे आणि वाटीभर खीर खाल्ली होती. हे त्यांनीच मला सांगितलं, अगदी मोकळ्या मनाने.

दुसऱ्या दिवशी पावती दाखवल्यावर घरी काय झालं ते मी विचारलं.

"तुही काकू म्हणे, अकरा पुऱ्या खाऊन शून्य? मी म्हटलं, मशीन काहून खोटं बोलन?"

अशा सहा पावत्या जमल्या. शेवटी मला राहवेना. मी म्हणालो, "बाबूजी, हा काटा दहा-दहाने बोलतो. दोन-चार किलोंचा फरक त्याला कळतच नाही."

"पूरा ट्रक तोलते, अन् त्याले माही पुरी तोलता येत नाही?"

"नाही येत."

"सरकारी नापतौलवाल्याचा ठप्पा हाय त्याच्यावर. डॉक्टरच्या काट्यावर कोनाचा ठप्पा हाय?"

पण त्या दुपारी त्यांनी जेवणाचा डबा उघडला नाही.

त्यानंतर त्यांनी मोटरसायकल घरी ठेवली आणि मिलला पायी येऊ लागले. दोन ट्रकांच्या मध्ये वेळ मिळाला की पाटावरच येरझारा घालत. खाली मोकळं आवार होतं, पण नाही. "वजन उतरून राह्यलं हे काट्याले दिसलं पाहिजे ना!" मागे ड्रायव्हर हॉर्न वाजवायचे. "बाबूजी, आप उतरो तो हम चढ़ें!" बाबूजी हात वर करून शेवटचा फेरा पुरा करत आणि मगच खाली येत.

मंडईतही नवीन युक्ती. जत्रेत शिरल्याबरोबर उकडलेले शिंगाडे घ्यायचे आणि दोन्ही मुठी भरून ठेवायच्या. "हात रिकामा दिसला का लोक त्याच्यावर पुरी ठेवतेत," हा त्यांचा अनुभव. एका गावी तर त्यांनी भरल्या मुठींनीच रामराम केला. फक्त राजेगावच्या बहिणीपुढे इलाज चालला नाही. तिने मुठींकडे पाहिलंच नाही, सरळ तोंडात लाडू भरवला. परत आल्यावर मला म्हणाले, "तोंडात काय ठेवायचं, ते मी इचारच केला नव्हता."

शेवटची मंडई झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी चपला, किल्ल्या, पोट आत. मी डब्याकडे पाहिलं आणि ओरडायचं विसरलो.

"काय झालं? शंभर का?"

"ऐंशी!"

ते उतरले, पुन्हा चढले. ऐंशी. मग पाटावरच फतकल मारून बसले आणि रडले. मीही नाक पुसलं, खोटं कशाला सांगू?

जिलेबीचा पुडा आला, काकूंना बोलावणं गेलं. काकू आल्या, डब्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अकरा पुऱ्याले शून्य म्हणनारा हाच काटा ना?"

बाबूजींनी त्यांनाही हात धरून पाटावर ओढलं. दोघांचं मिळून एकशे चाळीस.

"आता तू एकटी उभी राह्य. वजा करू."

"चार ड्रायव्हरांसमोर माहं वजन? काही लाज?" काकू खाली उतरल्या आणि तरातरा घरी गेल्या. जिलेबी मी आणि ड्रायव्हरांनी खाल्ली. बाबूजींनी बोट लावलं नाही. म्हणाले, "पुढच्या मंडईले पाहू."

पुढच्या पावसाळ्यात ते गेले. दोन दिवसांचा ताप, आणि माणूस नाही. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी झाली आणि काटाही माझ्याकडे आला. कोणी पाटावर पाय टेकवला की मी खेकसतो, तेव्हा मला त्यांची फार आठवण येते.

दिवाळीनंतर एका दुपारी काकू आल्या. बाबूजींचा चष्मा आणि जेवणाचा डबा अजून कपाटात होते, ते घ्यायला. आवारात एकही गाडी नव्हती. काकूंनी चारी बाजूंना पाहिलं, चपला काढल्या आणि पाटाच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या.

"किती हाय, भाऊ?"

"साठ."

त्या बोटांवर काहीतरी मोजत राहिल्या. "एकशे चाळीसमधून साठ गेले. म्हंजे त्याईचे ऐंशीच होते."

दहा-दहाने बोलणाऱ्या काट्यावरची ही वजाबाकी किती खरी, हे मला माहीत होतं. मी म्हणालो, "हौ काकू. बरोबर ऐंशी."

"मी उगाच भांडली."

त्यांनी पिशवीतून कागदाचा पुडा काढला. मंडईची जिलेबी होती, घरून निघतानाच घेऊन आल्या होत्या. तिथेच उभ्या राहून त्यांनी एक खाल्ली, मग डोळे पुसत दुसरी.

मी डब्याकडे पाहिलं. साठच होते.