हळदीकुंकवावर लागलेला भाव

नात पुण्याला नोकरीला गेली तेव्हा तिचा फोन आठवड्यातनं एकदा यायचा, तोही तिच्या आईला. माझ्या वाट्याला शेवटी 'आजी बरी आहे ना' एवढंच. मग विधानसभेचं वारं सुटलं आणि पोरगी रोज संध्याकाळी मलाच फोन करायला लागली. सून हात पुढं करायची तर ही म्हणायची, "आई, तुझ्याशी नंतर. आधी आजी." मी सुनेकडं बघत सावकाश फोन कानाला लावायची. आपण कुणाला तरी हवे आहोत, याचा माज या वयात लई गोड लागतो.

विचारायचीही मायेनं. कुठं गेली होतीस, कोण भेटलं, बायका काय म्हणतात. नवरात्र होतं आणि उभं राहू बघणाऱ्यांच्या बायकांनी हळदीकुंकवांचा सपाटा लावला होता. त्यातल्या एकीबद्दल ती फार खोदून विचारायची. मी डोळ्यांनी बघितलेलं तेवढंच सांगायची. "मांडव पुरला न्हाय बघ. मंद्रूपवरनं जीप भरभरून बायका आल्या. स्टीलचा डबा दिला. समद्या म्हणत होत्या, वैनी, औंदा तुमीच."

दिवाळीला ती आली. मी चकल्या तळत होते, ती शेजारी पाट ओढून बसली आणि फोन माझ्यापुढं धरला. "आजी, हे बघ. सगळं तुझ्या जीवावर."

फोनमध्ये त्या बाईच्या नवऱ्याचा फोटो. खाली प्रश्न, हा निवडून येईल का? एकीकडं 'हो', एकीकडं 'नाही', आणि दोन्हींच्या पुढं भाव. 'हो' विकत घ्यायचा. माणूस निवडून आला तर एका 'हो'चे दहा रुपये, पडला तर काही नाही. लोक जसे घेतील-विकतील तसा भाव दिवसभर वरखाली, मंडईतल्या टोमॅटोसारखा. माझा फोन ठेवला की ही रोज 'हो' घेत होती. स्कूटीसाठी साठवलेले सगळे पैसे त्यात गेले होते.

माझ्या हातातला सोऱ्या तसाच राहिला. आमदार निवडून आल्यावर विकला जातो हे ऐकून होते. उभा असतानाच किरकोळीत मिळतो, हे नवीन होतं. पण मला धक्का बसला तो त्याचा नव्हे.

"म्हंजे तू माझ्यासाठी फोन करत नव्हतीस?"

"असं काय गं आजी. दोन्ही की."

दोन्ही. कढईतल्या चकल्या काळ्या झाल्या तरी मला तो शब्द गिळवेना.

"मग बाकीच्यांच्या हळदीकुंकवाचं का न्हाय इचारलंस?" मी म्हटलं.

"बाकीच्यांच्या?"

"तितंबी गेलते की. त्याच बायका, त्याच जीपा. समोरच्यानं तर जर्मनचं पातेलं दिलं."

"तिथं काय म्हणत होत्या?"

"वैनी, औंदा तुमीच."

पोरीचं तोंड पांढरं पडलं. पण कपाळाला हळदकुंकू लावून घेऊन, ओटीत डबा घेऊन, 'तुमचे मालक पडणार' असं तोंडावर म्हणणारी बाई आमच्याकडं अजून जन्माला यायची आहे. हे तिला सांगायला हवं, असं मला वाटलंच नव्हतं. सूर्य उगवतो हे कुणी फोनवर सांगतं का?

ते पांढरं तोंड मात्र माझ्या ओळखीचं होतं. लग्न होऊन मी सोलापुरात आले त्या वर्षी एका उमेदवाराच्या बायकोनं मला कुंकू लावलं आणि हात धरून म्हणाली, "ताई, भरवसा तुमच्यावर." बास. मी येडी सासरच्या गल्लीत घरोघर सांगत सुटले की हेच येणार, मी स्वतः ऐकलंय, मांडवात एकही बाई नाही म्हणाली नाही. मतमोजणीच्या सकाळी पुरण शिजत घातलं. दुपारी त्यांचं डिपॉझिट गेल्याचं कळलं. सासूबाई म्हणाल्या, "पुरण झालंयच, तर जो आलाय त्येच्या नावानं खाऊ." आठ यत्ता शिकलेली मी आणि कम्प्युटर शिकलेली ही, दोघी एकाच मांडवात फसलो. खानदानाची प्रगती बघून मी थक्क झाले.

तिनं त्याच दिवशी विकायला काढलं, तर भाव निम्म्यावर आलेला. थोडं विकलं गेलं, बाकीचं 'सुधारेल' म्हणून ठेवलं. निकालाला माणूस पडला. स्कूटी दुकानातच राहिली आणि माझा फोनही गप्प झाला. सुनेला आठवड्यातनं एकदा, शेवटी 'आजी बरी आहे ना'.

पुढं सरकारनं असले खेळ बंद केले म्हणे. मी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. झेडपीच्या निवडणुका आल्या तशी एका संध्याकाळी मीच तिला फोन लावला.

"बये, मंद्रूपची आतली बातमी हाय. कुणाला सांगू नको."

ती म्हणाली, "आजी, ते सगळं बंद झालं. आता बातमीचा काही उपयोग नाही."

"अगं बाई," म्हणून मी फोन ठेवणार, तेवढ्यात ती म्हणाली, "तरी सांग की."

आतली बातमी माझ्याकडं नव्हतीच मुळी. मी पदर सावरला, सुनेकडं बघितलं आणि जुळवायला सुरुवात केली.