कापड्याच्या शेतातला धाविक

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. आमच्या घरातला सगळा विश्वास आधी आईने आणि नंतर बायकोने वापरून संपवला, माझ्या वाट्याला उरलाच नाही. तरीही हे लिहितोय...

विशीत असताना, निव्वळ चांगल्या अक्षराच्या जोरावर, मी एका साहेबाच्या पक्षी-निरीक्षणाच्या मोहिमेत कारकून झालो. कच्छचा किनारा – एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला वाळवंट, प्यायला मचूळ पाणी. साहेब पक्षी दुर्बिणीतून पाहायचा, टिपणं काढायचा, मग मारायचा. कातडं सोलून आत कापूस भरायचा, डोळ्यांच्या जागीही कापूस, आणि पायाला चिठ्ठी – जात, नर-मादी, गाव. चिठ्ठी मी लिहायची, सही हेडक्लार्क दामल्यांची.

एकदा मला डुलकी लागली आणि मुंग्यांनी एक कातडं खाल्लं. दामल्यांनी माझ्याच गळ्यात चिठ्ठी बांधली – 'गाढव, नर, कोकण' – आणि दिवसभर तसंच काम करायला लावलं. आचारीसुद्धा वाढताना म्हणाला, "गाढवराव, भात घ्या."

मी हसलो. आणि त्याच संध्याकाळी एका धाविकाच्या चिठ्ठीवर गाव लिहिलं – कापडे, पेटा पोलादपूर. धाविक म्हणजे वाळूत पळणारा, वाळूच्याच रंगाचा पक्षी. आमच्या भातखाचरात तो कशाला येईल? (सूड घ्यायलाही मला स्वतःचंच गाव सुचलं, म्हणजे दामल्यांचं फारसं चुकलं नव्हतं. नशीब, कॅम्पाच्या वहीत माझं गाव महाड असं नोंदलेलं होतं.) दामल्यांनी न वाचता सही केली. मुंबईच्या संग्रहालयात साहेबाचं हसं झालं आणि सही करणाऱ्याची नोकरी गेली. ते कळलं त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवलो.

भातकापणीनंतर घरी आलो तर आई म्हणाली, "तीन दिस झालं, मागच्या शेतात एक पाखरू पळतंय. असलं मी कधी बगितलं नाय."

जाऊन पाहिलं. कापलेल्या भातात धाविक... ताठ उभा, माझ्याकडे बघत.

दुसऱ्या सकाळी दामले दारात! पोलादपुरापासून चालत आलेले, दाढी वाढलेली. मला पाहून थबकले. "अच्छा... तू इथला." मग हळूच म्हणाले, "तो पक्षी इथे असतो का रे? असला तर साहेब मला परत घेईल."

"हाय की, मागं," आई म्हणाली.

मी त्यांच्या आधी धावलो. भिरकावलेला पहिलाच धोंडा पाखराला लागला. बांधाआड उचलला तर हाताला वजनच नाही. डोळ्यांत कापूस. पायाला चिठ्ठी – माझ्याच अक्षरात. मी तो सदऱ्यात कोंबला.

दामले धापा टाकत आले. "दिसला?"

"उडाला."

ते शेताकडे बघत म्हणाले, "तुझ्या गळ्यात ती चिठ्ठी मी गमतीने बांधली होती रे."

"मीपण गमतीनेच लिहिली," मी म्हणालो.

ते बांध उतरून गेले. मी हाक मारली नाही.

पुढे संग्रहालयाला पत्र घातलं. उत्तर आलं – पक्षी चिठ्ठीसकट कपाटात जागेवर आहे. मग मी बांधाखाली पुरला तो कोणता? आजवर उलगडा नाही. पोरांना हे सगळं सांगतो. फक्त दामले आमच्या दारात आले होते, तेवढं गाळतो.