माझ्या तोंडचं इंग्रजी

अडतिसाव्या वर्षी मी इंग्रजीची परीक्षा देणार असं सांगितलं, तेव्हा वॉर्डातल्या मुली हसल्या नाहीत. नुसत्या गप्प झाल्या. मी पंधरा वर्षं आयसीयूत नर्स आहे. कोण कधी आणि का गप्प होतं, एवढं मला आता समजतं.

परदेशातल्या हॉस्पिटलात काम करायचं तर ही परीक्षा द्यावी लागते. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग. प्रत्येक भागाला नऊपैकी गुण, आणि मला जिथे जायचं होतं तिथे चारही भागांत सात पाहिजे होते. ज्या पोरींना मी शिरेत सुई घालायला शिकवलं, त्यातल्या तिघी ही परीक्षा देऊन गेल्या होत्या. तिकडून त्या फोटो पाठवायच्या आणि खाली लिहायच्या, ‘सिस्टर, तुमची आठवण येते.’ मला वाटायचं, आठवण कशाला काढता, मीच येते की.

नवरा नाशिक रोडला नोटांच्या छापखान्यात आहे. तो म्हणाला, “भर फॉर्म. नाही झालं तर नाही झालं.”

“नाही झालं, हे आत्ताच कशाला म्हणतोस?” मी म्हटलं. तो पुन्हा कधी म्हणाला नाही.

आई गावी, देवळ्याला असते. तिला फोनवर सांगितलं की परीक्षेत गोऱ्या लोकांशी बोलावं लागतं. ती तिच्या अहिराणीत म्हणाली, “मंग काय? त्या बी मानसंच शेतस ना?”

आमच्या शाळेत इंग्रजी पाचवीपासून होतं आणि तेही मराठीतूनच शिकवलं जायचं. पण कामावर मी रोज इंग्रजीच लिहिते. पेशंट कॉन्शस, ओरिएंटेड, व्हायटल्स स्टेबल. डॉक्टर फोनवर एकदाच ऑर्डर सांगतात, ती मी तशीच्या तशी उतरवते आणि पंधरा वर्षांत माझ्या हातून चुकीचं औषध गेलेलं नाही. त्यामुळे मला इंग्रजी येत नाही, असं मी कधी मानलं नाही. मला ते बोलायला कुणी लावलं नव्हतं, एवढंच.

कॉलेज रोडला एक क्लास लावला. शिकवणारे सर सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचे, चटपटीत, स्वच्छ इस्त्रीचा शर्ट. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, “मॅडम, तुमची हॉबी काय?”

मी खरं ते सांगितलं. ड्यूटी, घर, मुलीचा अभ्यास. वेळ मिळाला तर झोप.

“असं नाही चालत. स्विमिंग सांगा. स्विमिंगवर चांगले शब्द आहेत.”

“मला पोहता येत नाही.”

“मॅडम, ही खरं बोलायची परीक्षा नाहीये. इंग्रजी बोलायची आहे.”

त्यांनी छापील कागदांचा एक गठ्ठा दिला. त्यात सगळी उत्तरं तयार होती. आवडती व्यक्ती कोण, तर सैन्यातून निवृत्त झालेले आजोबा. आवडती जागा कोणती, तर गोव्याचा किनारा. आमच्या बॅचला अठराजण होतो आणि अठराही जणांचे आजोबा सैन्यात होते. माझे आजोबा देवळ्याच्या बाजारात बैलांच्या नालबंदीचं काम करायचे. पण मी मान खाली घातली आणि पाठ केलं. का केलं, याचा मला अजून राग येतो. शिक्षक सांगतात ते बरोबरच असतं, हे शाळेत इतकं अंगात मुरवलेलं असतं की दहा वर्षांनी लहान असलेल्या माणसापुढेसुद्धा बाई मान डोलावते.

परीक्षेचं केंद्र एका मोठ्या कॉम्प्लेक्सच्या तिसऱ्या मजल्यावर होतं. घड्याळ काढून ठेवायचं, पाण्याच्या बाटलीवरचा कागद सोलून काढायचा, खिसे उलटे करून दाखवायचे. ऐकण्याच्या भागात हेडफोनमधून एक माणूस कुठल्याशा ग्रंथालयाची माहिती सांगत होता, एकदाच आणि भराभर. ते जमलं; एकदाच ऐकून लिहायची मला सवयच आहे. वाचनात काचेच्या इतिहासावर तीन पानं होती, तीही निभावली. लिहिण्यात मात्र बोटं अडली. कीबोर्डवर मी दोन बोटांनी टाइप करते, स्क्रीनच्या कोपऱ्यात मिनिटं उतरत असतात, आणि विषय काय, तर लोकांनी सुट्टी परदेशात घालवावी की आपल्याच देशात. गेल्या बारा वर्षांत मी एकदाच चार दिवस सलग सुट्टी घेतली होती, ती नणंदेच्या लग्नाला.

बोलण्याची परीक्षा एका लहान खोलीत, समोरच्या स्क्रीनवर. परीक्षक बाई साठीच्या, पांढरे केस, चष्मा. त्यांनी विषय दिला: तुम्हाला आवडलेली एखादी सहल. मला वाटलं, नशीब उघडलं. गोवा सुरू केला. सोनेरी वाळू, मावळता सूर्य, जिवलग मैत्रिणी, सगळं घडाघडा. बाई शांतपणे ऐकत होत्या. मी थांबल्यावर त्यांनी विचारलं, “तिथे तुम्ही काय खाल्लंत?”

कागदावर खाणं नव्हतं. मी म्हणाले, “फूड.”

“कसलं फूड?”

“गुड फूड.”

बाई हसल्या नाहीत. पुढचा प्रश्न त्यांनी आणखी हळू आवाजात विचारला, आणि तो हळू आवाज मी ओळखला. घाबरलेल्या पेशंटशी मीही त्याच आवाजात बोलते. गोव्याला मी आजपर्यंत गेलेले नाही. त्या खोलीत बसून मला एवढी लाज वाटली की निरोपाला साधं थँक्यूसुद्धा नीट म्हणता आलं नाही. इंग्रजी येत नाही म्हणून ती लाज नव्हती. एका भल्या बाईसमोर खोटं बोलताना पकडले गेले, म्हणून होती.

निकाल आला. ऐकणं साडेसात, वाचणं सात, लिहिणं सहा, बोलणं सहा.

क्लासला गेले. सरांनी निकाल पाहिला. “त्यांना पाठ केलेलं वाटलं. मध्येमध्ये मुद्दाम अडखळायचं, मॅडम. त्याचीपण प्रॅक्टिस करून घेऊ. आणि दुसरं म्हणजे तुमच्या बोलण्यात गाव येतं. ते काढावं लागेल.”

सगळी बॅच ऐकत होती. मी म्हटलं, “सर, मी गावातूनच आलेय. काढणार कुठून?”

“म्हणजे अ‍ॅक्सेंट, मॅडम.”

“तुम्ही परीक्षेचे नियम वाचलेत का? मी कालच वाचले. त्यात कळेल असं बोला म्हणून लिहिलंय. गोऱ्यांसारखं बोला असं कुठेही लिहिलेलं नाही.”

मी छापील गठ्ठा त्यांच्या टेबलावर ठेवला आणि निघाले. अर्धा जिना उतरल्यावर परत जाऊन माफी मागावी असं वाटलं, हेही सांगते. उद्धटपणा मला सवयीचा नाही.

त्यानंतरचे चार महिने मी माझ्या पद्धतीने काढले. आमच्या वॉर्डात केरळची एक सिस्टर आहे, माझ्याहून मोठी. तिला म्हटलं, डबा खाताना माझ्याशी फक्त इंग्रजीत बोल आणि चुकले तर तिथल्या तिथे सांग. ती म्हणाली, “माझं इंग्रजी केरळचं आहे.”

“माझं देवळ्याचं आहे,” मी म्हटलं.

भेंडीच्या भाजीवरून सुरू झालं. मग तिचा मुलगा, माझी मुलगी, मेट्रनची बोलणी, वॉर्डातलं गळकं बेसिन. ती माझा भूतकाळ सुधारायची, म्हणजे ‘गो’चं ‘वेंट’ करायला लावायची. उच्चाराला तिने कधी हात लावला नाही. सकाळची ड्यूटी असली की दुपारी घरी येऊन मी एक निबंध टाइप करायचे. विषय मला पटला नाही तर निबंधात तसंच लिहायचे. मुलगी चुका मोजायची आणि मला आकडा सांगायची. पहिल्या आठवड्यात चुका इतक्या होत्या की तिने मोजायचा कंटाळा केला.

दुसऱ्या परीक्षेच्या दिवशी दारातच अडले. आत जाण्याआधी मशीनवर बोटाचा ठसा द्यायचा असतो. माझा उमटेना. काउंटरवरची मुलगी म्हणाली, “मॅडम, हात स्वच्छ धुऊन या.”

“धुऊन धुऊनच तर गेलेत,” मी म्हटलं. खरंच होतं ते. दिवसातून चाळीस-पन्नास वेळा साबण आणि सॅनिटायझर लावला की बोटं गुळगुळीत होतात. रेशनच्या दुकानातल्या मशीनलाही माझी बोटं चालत नाहीत. तरी धुऊन आले. दहाही बोटं लावली. मशीन लाल दिवा दाखवत राहिलं. मागे रांग वाढली.

केंद्राचे मॅनेजर आले. “ठसा नसेल तर आम्ही बसू देऊ शकत नाही. पुढची तारीख घ्या.”

“असा नियम आहे का?”

“हो.”

“मला वाचायला द्या. ठसा न उमटणाऱ्या माणसाचं काय करायचं, तेही त्यात लिहिलेलं असणार.”

“मॅडम, बाजूला व्हा, लोक थांबलेत.”

“मीपण थांबलेय. ही बोटं लोकांची सेवा करून अशी झालीत. मी काही चोरी करून आले नाही. माझा पासपोर्ट तुमच्या हातात आहे, चेहरा समोर आहे. नियम दाखवा, मी निघून जाते.”

मी आवाज चढवला नव्हता. आयसीयूच्या दाराशी दहा-दहा नातेवाईक अंगावर येतात, तेव्हा जसं बोलते तसंच बोलत होते. मागच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, “सर, दाखवा ना नियम.” मॅनेजर आत गेले, कुणाला तरी फोन केला आणि पाचेक मिनिटांनी बाहेर आले. माझा जास्तीचा एक फोटो काढला, एका फॉर्मवर सही घेतली आणि मला आत सोडलं. म्हणजे सोय होती. फक्त ती विचारावी लागत होती.

बोलण्याच्या खोलीत या वेळी परीक्षक पुरुष होते, टक्कल पडलेले, जरा थकलेले. विषय होता: तुम्ही कुणाला काहीतरी शिकवलं तो प्रसंग. मिनिटभर विचार करायला मिळतो. मी कागदावर एकच शब्द लिहिला: संत्रं. तोही मराठीत.

मग सांगायला लागले. सुरगाण्याकडची एक म्हातारी आमच्या वॉर्डात होती. नवाच मधुमेह, घरी एकटीच, इन्सुलिन स्वतःच टोचून घ्यावं लागणार होतं. ती तिच्या भागातली कोकणी, म्हणजे कोकणा आदिवासींची बोली, बोलायची. मला त्यातलं अर्धं कळायचं, तिला माझं त्याहून कमी. सुई पाहिली की ती डोळे मिटून घ्यायची. मी बाजारातून संत्री आणली आणि तिच्यासमोर बसून एकाला सुई टोचली. ती बघत राहिली. मग दुसरं तिच्या हातात दिलं. दोन दिवसांत तिने सगळी संत्री टोचली, आणि तिसऱ्या दिवशी पदर सारून स्वतःच्या पोटात सुई घातली. घातल्यावर माझ्याकडे असं बघितलं, की जणू मीच घाबरले होते.

बोलताना संत्र्याच्या सालीला इंग्रजीत काय म्हणतात, ते आठवेना. थांबले. मग म्हणाले, “द कोट ऑफ द ऑरेंज.” परीक्षकांनी मान हलवली, कळलं त्यांना. एकदा ‘टीच’ म्हणाले, लगेच ‘टॉट’ केलं. पण हातवारे करत, सुई धरल्यासारखी बोटं धरत मी बोलत होते आणि वेळ संपल्याचं त्यांनी सांगितलं तेव्हा मला थांबायचं नव्हतं.

“तिने तुमचं का ऐकलं असेल?” त्यांनी विचारलं.

“मी तिला हसले नाही म्हणून,” मी म्हटलं. “भाषा नीट येत नसली की माणसाला अक्कल नाही असं लोकांना वाटतं. तिला अक्कल भरपूर होती.”

हे सगळं मी इंग्रजीत म्हटलं, देवळ्याच्या इंग्रजीत, आणि समोरच्या माणसाला ते पहिल्याच वेळी समजलं.

निकाल आला तेव्हा बोलणं साडेसात होतं. ऐकणं आणि वाचणं आठ-आठ. लिहिणं साडेसहा. अर्धा कमी.

सगळ्यांचं म्हणणं एकच: पुन्हा बस. पेपर पुन्हा तपासायला देण्यात काही अर्थ नाही, काही बदलत नाही. नवराही म्हणाला, “तिसऱ्यांदा देऊन टाक, तुला आता सोपं जाईल.” पण निबंध कसा लिहिलाय, ते मला माहीत होतं. वृद्ध माणसांनी मुलांजवळ राहावं की वृद्धाश्रमात, असा विषय होता, आणि त्यावर मला जे म्हणायचं होतं ते मी स्वच्छ म्हटलं होतं. जे मी नीट केलंय ते कमी पडलं, असं कुणी सांगितलं म्हणून मी का मानू? मी फेरतपासणीचा अर्ज केला.

तीन आठवडे काहीच आलं नाही. मग एका सकाळी ड्रेसिंगची ट्रॉली लावत असताना मेल आला. लिहिणं: सात. केरळच्या सिस्टरला स्क्रीन दाखवला. ती म्हणाली, “वाचून दाखव, मोठ्याने.” मी इंग्रजीत सगळा मेल वाचून दाखवला, अगदी खालच्या सूचनांसकट, आणि बेडवरचे दोन पेशंट काय झालं म्हणून बघत राहिले.

आठवड्याने क्लासच्या सरांचा फोन. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. “मॅडम, अभिनंदन. तुमचा एक फोटो पाठवा ना. बाहेर फ्लेक्स लावतोय, यशस्वी विद्यार्थ्यांचा. तुमचं वय वगैरे टाकलं तर गृहिणींना प्रेरणा मिळेल.”

“मी गृहिणी नाही, नर्स आहे. आणि तुमच्या क्लासमध्ये असताना मला सहा होते,” मी म्हटलं. “ते टाकणार का?”

ते हसले, मग हसायचे थांबले. “मॅडम, तुम्ही अजून रागावलाय.”

“हो,” मी म्हटलं. “तुमच्या नव्या बॅचमध्ये माझ्यासारखी कुणी असेल तर तिला तिचे आजोबा काय करायचे ते विचारा. मग त्याचं इंग्रजी शिकवा.”

फोटो मी दिला नाही. पुढच्या महिन्यात तिकडच्या हॉस्पिटलची मुलाखत आहे, व्हिडिओवरच. पास होईन की नाही, ते आज सांगता येत नाही. मुलगी म्हणते, आई, जरा हळू बोल, तू फार भराभर बोलतेस. मी तिला सांगितलंय, नाही समजलं तर ते विचारतील, आणि विचारलं की मी पुन्हा सांगेन.